स्टील निवडण्यापासून हार्डनिंगपर्यंत: कामाचा योग्य क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

द्राक्षाच्या फवारणीचे दिवस होते. दिंडोरीकडचा एक बागायतदार ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा तुटलेला शाफ्ट घेऊन नाशिकच्या अंबडला आमच्या शेडवर आला. म्हणाला, "भाऊ, ईएन २४ टाकलं होतं, भारीतलं. तीन आठवडेसुद्धा टिकलं नाही." (ईएन २४ हा निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम असलेल्या मिश्रधातूच्या स्टीलचा एक ग्रेड.)

शाफ्ट हातात घेऊन बघितला. बेअरिंगच्या खांद्याला, जिथे ४० चा व्यास ३५ होतो, बरोबर तिथेच तुटला होता. तुटलेल्या तोंडावर बाहेरच्या कडेपासून आत सरकत गेलेल्या, शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा होत्या, आणि एका बाजूला रुपयाएवढा खरखरीत करडा डाग होता. रेषांचा भाग रोज थोडाथोडा चिरत गेलेला, करडा डाग शेवटच्या दिवशी एकदम तुटलेला. खांद्याच्या कोपऱ्यात टूल थेट काटकोनात घातलेलं, रेडियसचा पत्ता नाही. स्पेक्ट्रो (धातूतले घटक मोजणारी चाचणी) करून घेतला तर निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम सगळं जागेवर. माल अस्सल ईएन २४ होता. पण कडकपणा मोजला तेव्हा ब्रिनेल २२० च्या आसपास निघाला. बार अ‍ॅनील केलेला, म्हणजे तापवून सावकाश थंड केलेला, नरम होता. कोणीतरी तो तसाच टर्निंग करून बसवला होता, हार्डनिंग (तापवून आणि वेगाने थंड करून कडक करणं) केलंच नव्हतं.

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, कुठल्याही शेडमध्ये हेच चाललेलं दिसतं. पार्ट तुटला की 'वरचा' ग्रेड घेतात, पैसे मोजतात आणि त्या ग्रेडचा गुण वापरतच नाहीत. मिश्रधातूच्या स्टीलमधलं क्रोमियम-निकेल त्याला आपोआप ताकद देत नाही. हार्डनिंग खोलवर आणि न तडकता व्हावं, एवढ्यासाठी ते घातलेलं असतं. हार्डनिंग करायचंच नसेल तर ईएन २४ चे पैसे वाया गेले असं समजा.

खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. क्रम मोडला की पुढच्या टप्प्यात माल स्क्रॅप होतो.

## टप्पा १: ग्रेडचं नाव घेण्याआधी कामाचा कागद करा

दुकानदाराला "चांगलं लोखंड द्या" म्हणू नका. आधी कागदावर ही उत्तरं लिहा: पार्टवर भार कसा येतो (पीळ, वाक, धक्का की नुसता दाब)? घासतो का, आणि कशावर? किती तापतो? पाणी, औषध, आम्ल लागतं का? वेल्डिंग होणार आहे का? सगळ्यात जाड भाग किती मिलिमीटरचा आहे? नग किती?

जाडी आणि वेल्डिंग हे दोन प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि निम्मी नुकसानी तिथेच होते.

इथे थांबा: तक्रार 'पार्ट तुटतो' अशी आहे की 'पार्ट लवतो' अशी, ते नीट विचारा. लवत असेल तर ग्रेड बदलून काहीही फरक पडणार नाही. एमएस (माइल्ड स्टील, कमी कार्बनचं साधं लोखंड) असो की ईएन २४, स्टीलचा ताठपणा जवळजवळ सारखाच, साधारण २०० ते २१० गिगापास्कल. मधोमध लवणारा लांब शाफ्ट महाग स्टीलचा केला तरी तेवढाच लवेल. तिथे व्यास वाढवा किंवा मध्ये एक बेअरिंग द्या. ३० चा शाफ्ट ३५ चा केला तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो.

## टप्पा २: कुठला घटक काय करतो ते समजून घ्या

कार्बन सगळ्यात आधी बघायचा. हार्डनिंगनंतर जास्तीत जास्त किती कडकपणा येईल, ते फक्त कार्बन ठरवतो. ०.२० टक्के कार्बनला रॉकवेल सी (कडकपणाची मोजपट्टी, ड्रॉइंगवर 'एचआरसी') ४५ च्या आसपास, ०.४० टक्क्याला ५५ ते ५८, आणि ०.६० च्या वर गेलं की ६४-६५. तिथून पुढे कार्बन वाढवला तरी कडकपणा फारसा वाढत नाही, घासण्याला टिकणारे कार्बाइड मात्र वाढतात. म्हणून ड्रॉइंगवर 'ईएन ८, ६० एचआरसी' लिहिलेलं असेल तर ड्रॉइंग परत पाठवा. ते होणार नाही, ईएन ८ मध्ये कार्बन ०.४० च्या आसपासच असतो. 'एमएस, हार्डन करणे' असं असेल तर विचारा की केस हार्डनिंग (वरच्या थरात कार्बन भरून तेवढाच थर कडक करणं) म्हणायचंय का, कारण एमएसमध्ये कडक व्हायला पुरेसा कार्बनच नसतो. कार्बन वाढला की चिवटपणा आणि वेल्डिंगची सोय दोन्ही कमी होतात, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

मँगनीज जवळपास प्रत्येक स्टीलमध्ये असतं. ते गंधकाला धरून ठेवतं. ते नसेल तर गंधक लोखंडाशी मिळून तापलेल्या स्टीलला फोडतं. शिवाय हार्डनिंग खोलवर न्यायला मदत करतं. मात्र ११ ते १४ टक्के मँगनीज आणि एक टक्क्याच्या वर कार्बन असेल तर गणितच उलटं होतं. खडी क्रशरचे जबडे आणि लायनर या जातीचे असतात. साधारण १०५० अंशांवरून पाण्यात टाकलं की हे स्टील नरम आणि चिवट होतं, आणि दगडाचा मार खाऊन खाऊन वरून कडक होत जातं. लोहचुंबक त्याला चिकटत नाही. क्रशरवाल्यांनी लायनर वेल्डिंगआधी तापवू नये. बाकीच्या स्टीलला जे हितकारक, तेच याला ठिसूळ करतं.

क्रोमियम एक-दीड टक्का असेल तर हार्डनिंगची खोली वाढते आणि कार्बनशी मिळून घासण्याला टिकणारे कण तयार होतात. ईएन ३१ बेअरिंग स्टीलचं सगळं काम एक टक्का कार्बन आणि सव्वा-दीड टक्का क्रोमियम यांच्या जोडीवर चालतं. साधारण साडेदहा टक्क्यांच्या पुढे क्रोमियम पृष्ठभागावर स्वतःची अदृश्य साय धरतं, तेव्हा ते स्टेनलेस. पण ते क्रोमियम लोखंडात मोकळं विरघळलेलं असायला हवं. डी २ या टूल स्टीलमध्ये १२ टक्के क्रोमियम असूनही ते गंजतं, कारण दीड टक्का कार्बनने त्यातलं बरंचसं स्वतःकडे ओढून घेतलेलं असतं.

निकेल चिवटपणा देतं, थंडीतसुद्धा. धक्का खाणाऱ्या गिअर-शाफ्टला ते हवंच. मॉलिब्डेनम थोडंसंच असतं, ०.२ ते ०.३ टक्का. पण टेम्परिंगनंतर (हार्डन केलेला पार्ट पुन्हा बेताने तापवणं म्हणजे टेम्परिंग) येणारा ठिसूळपणा ते रोखतं आणि तापलेल्या अवस्थेत ताकद टिकवतं. व्हॅनेडियम दाणा बारीक ठेवतं. टंगस्टन आणि जास्त मॉलिब्डेनम एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) ड्रिलला लालबुंद झाल्यावरही धार राखू देतात. सिलिकॉन दीड-दोन टक्के असेल तर स्प्रिंग स्टील. ट्रकच्या पाट्यात ते सापडतं. बोरॉन लाखातल्या एक-दोन भागांइतकंच, तरी स्वस्तात हार्डनिंगची खोली वाढवतं.

गंधक आणि फॉस्फरस हे नको असलेले पाहुणे, दोन्ही ०.०४ च्या आत असावेत. अपवाद ईएन १ए चा. त्यात गंधक मुद्दाम ०.२० ते ०.३० टक्के घातलेलं असतं, म्हणजे चिप तुटते आणि ऑटो लेथवर झपाझप माल निघतो. हाच ईएन १ए वेल्ड केला की मणी तडकतो, आणि धक्क्याच्या जागी वापरला की पार्ट तुटतो. बुश, नट, फिटिंग यांच्यापुरताच तो ठेवा.

## टप्पा ३: आता ग्रेड निवडा

खालून वर चढत जा, वरून खाली येऊ नका. स्वस्त ग्रेडने काम का होणार नाही याचं कारण सांगता आलं, तरच पुढच्या ग्रेडकडे जा.

१. फ्रेम, ब्रॅकेट, बेस, वेल्डिंगची कामं: आयएस २०६२ ई२५० चं एमएस. यात २५० हा आकडा किमान यील्डचा (स्टील कायमचं वाकायला लागतं त्या ताणाचा) आहे, मेगापास्कलमध्ये.

२. साधे शाफ्ट, पिना, बोल्ट: ईएन ८, कार्बन ०.४० च्या आसपास. इंडक्शन हार्डनिंगला (विजेच्या कॉइलने फक्त वरचा थर तापवून कडक करणं) उत्तम, वरच्या थराला ५० ते ५५ एचआरसी सहज येतं.

३. जाड किंवा जास्त भाराचे शाफ्ट: ईएन १९, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम. धक्काही मोठा असेल तर ईएन २४, ज्यात निकेलची भर पडते. दोन्हींत कार्बन ईएन ८ एवढाच असतो हे लक्षात घ्या. पैसे देतो ते खोलीचे आणि चिवटपणाचे.

४. वरून कडक, आतून चिवट असे गिअर: २०एमएनसीआर५, एसएई ८६२०, ईएन ३५३, ईएन ३६. यांत कार्बन मुद्दाम कमी ठेवलेला असतो. ९०० ते ९३० अंशांवर कार्ब्युरायझिंग करून वरून कार्बन भरतात.

५. डाय, पंच, ब्लेड: कमी नग असतील तर ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील), लाखोंनी स्टॅम्पिंग असेल तर डी २. तापलेल्या धातूचं काम, अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंग वगैरे असेल तर एच १३. प्लास्टिकच्या मोल्डला पी २०, कारण तो ३० एचआरसीच्या आसपास तयार कडक येतो आणि मशीनिंगनंतर हार्डनिंगमध्ये वाकायची भीती राहत नाही.

चूक: डी २ चा पंच तुटला म्हणून आणखी कडक करून घेणं. तुटतो तो कडकपणा जास्त झाल्यामुळे किंवा कोपरा धारदार राहिल्यामुळे. झिजतो तो कडकपणा कमी पडल्यामुळे. तुटलेला तुकडा बघा, मगच ठरवा.

## टप्पा ४: जाडीशी पडताळा

हा टप्पा कोणी करत नाही, म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

तापलेला बार तेलात टाकला की कातडी पटकन थंड होते आणि पोट सावकाश. कडकपणा यायला ठरावीक वेगाने थंड व्हावं लागतं. ईएन ८ ला तो वेग फार जास्त लागतो. म्हणून २० मिलिमीटरच्या पिनेला जे जमतं ते ८० मिलिमीटरच्या शाफ्टला जमत नाही. तिथे वरचे काही मिलिमीटर कसेबसे कडक होतात, आत जवळजवळ मूळचंच स्टील राहतं. ईएन २४ मध्ये निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम हा वेग कमी लागेल अशी सोय करतात. १०० मिलिमीटरचा बारही तेलात पोटापर्यंत चांगला घेतो.

म्हणजे २५ च्या पिनेला ईएन २४ घेणं बहुतेक वेळा उधळपट्टी, आणि ९० च्या शाफ्टला ईएन ८ घेऊन वर कडकपणा मागणं म्हणजे हीट ट्रीटमेंटवाल्याशी भांडण ठरलेलं. तो बिचारा दोनदा तापवतो, तिसऱ्यांदा पाण्यात टाकतो, आणि शाफ्ट तडकतो. दोष त्याच्या भट्टीत नसतो, तुमच्या निवडीत असतो.

पण घासण्यापुरताच कडकपणा हवा असेल तर जाडीचा प्रश्नच येत नाही. ९० चा ईएन ८ घ्या आणि बेअरिंग बसतं तेवढीच जागा इंडक्शनने कडक करा.

## टप्पा ५: खरेदी आणि टीसी

वजन आधी स्वतः काढा. गोल बारला व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो. ५० च्या बारला सुमारे १५.४ किलो.

टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट हातात आलं की हे बघा:

- टीसीवरचा हीट नंबर (मिलच्या भट्टीतल्या एका ओतणीचा क्रमांक) बारच्या तोंडावर पंच केलेला किंवा टॅगवर आहे का? नसेल तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याच मालाचं असू शकतं.
- ते मिलचं ३.१ प्रकारचं (मिलने त्याच मालाच्या तपासणीवरून दिलेलं) आहे, की दुकानदाराने स्वतःच्या लेटरहेडवर टाइप केलेलं?
- अवस्था काय लिहिलीय? रोल्ड, अ‍ॅनील्ड, की 'टी'? ईएन २४ टी म्हणजे आधीच हार्डन-टेम्पर केलेला, २४८ ते ३०२ ब्रिनेलचा बार. दिंडोरीच्या त्या शाफ्टला हा घेतला असता तर वेगळं हार्डनिंग लागलंच नसतं.
- ईएन २४ मध्ये निकेल १.३ ते १.८ दिसायलाच हवं. निकेल शून्याजवळ असेल तर ईएन १९ तुमच्या गळ्यात मारलंय.

बारच्या टोकाच्या रंगावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक दुकानाचा रंग वेगळा असतो.

काळा बार घेताना साइज मोठा घ्या. तयार ५० हवं असेल तर ५५ चा. रोलिंग करताना कातडीतला कार्बन जळालेला असतो. तो थर तसाच राहिला तर हार्डनिंगनंतर वरचं कातडं मऊच राहतं, आणि मग 'भट्टीने काम बिघडवलं' म्हणून ओरड होते. दोन्ही बाजूंनी किमान दीड-दोन मिलिमीटर निघून जाऊ द्या.

## टप्पा ६: कापण्याआधी ओळख पटवा

ठिणगी. ग्राइंडरवर हलका दाब द्या, शेडमध्ये थोडा अंधार करा, आणि नेहमी माहीत असलेल्या तुकड्याशेजारी धरून तुलना करा. एमएसच्या ठिणग्या लांब, गवताच्या काडीच्या रंगाच्या, फुलबाज्या कमी. ईएन ९ (ईएन ८ पेक्षा जास्त कार्बनचं) किंवा ईएन ३१ च्या ठिणग्यांना चाकाजवळच भरगच्च फुलं येतात. स्टेनलेसच्या आखूड, नारिंगी, फुलं नगण्य. एचएसएसच्या मंद लाल आणि जवळजवळ बिनफुलाच्या. ठिणगी कार्बन सांगते, निकेल नाही. ईएन १९ आणि ईएन २४ ठिणगीवरून ओळखतो असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि स्पेक्ट्रो करा.

लोहचुंबक. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि त्याहून स्वस्त २०२ दोन्हींना चुंबक चिकटत नाही. त्यामुळे चुंबकाने ३०४ ची खात्री होत नाही. उलट ३०४ चा वाकवलेला कोपरा किंवा कापलेली कड थोडी ओढते, तेवढ्यावरून माल खोटा ठरवू नका.

गन की स्पेक्ट्रो? हातातली एक्स-रे गन निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम, मँगनीज दाखवते, पण कार्बन वाचू शकत नाही. ३०४ की २०२, ईएन १९ की ईएन २४, यासाठी गन पुरेशी. ईएन ८ की ईएन ९, ३०४ की ३०४एल (कमी कार्बनचं ३०४), यासाठी ठिणगी पाडून मोजणारा स्पेक्ट्रोच लागतो. तपासणीला तुकडा देताना काळं कातडं घासून काढा, नाहीतर जळालेल्या थराचा खोटा, कमी कार्बन दाखवेल.

तपासा: वीस-पंचवीस नगांच्या वर काम असेल किंवा पार्ट कोणाच्या जीवाशी निगडित असेल (क्रेनचा हूक, स्टिअरिंग, ब्रेक), तर लॅबचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय पहिला तुकडासुद्धा कापू नका.

## टप्पा ७: मशीनिंगचा क्रम

१. बार कापा. ग्रेड पंच केलेलं टोक शेवटपर्यंत शाबूत ठेवा.
२. रफ टर्निंग, दोन-तीन मिलिमीटर ठेवून.
३. लांब किंवा किचकट पार्ट असेल तर ५५० ते ६५० अंशांवर स्ट्रेस रिलीफ (तापवून आत कोंडलेला ताण घालवणं). ईएन २४ टी सारख्या आधीच टेम्पर केलेल्या मालाला मात्र त्याच्या मूळ टेम्परिंगपेक्षा निदान ३० अंश खाली राहा, नाहीतर घेतलेला कडकपणा घालवाल.
४. सेमी-फिनिश. व्यासावर ०.३ ते ०.५ मिलिमीटर ग्राइंडिंगसाठी राखा.
५. हार्डनिंग-टेम्परिंग (तपशील टप्पा ९ मध्ये).
६. ग्राइंडिंग.

ब्राइट बारवाल्यांसाठी खास सूचना. कोल्ड ड्रॉ केलेल्या बारमध्ये ताण कोंडलेला असतो. त्यावर एका बाजूने की-वे (चावी बसवायची खाच) पाडला की बार केळीसारखा वाकतो. एकतर आधी स्ट्रेस रिलीफ करा किंवा पील केलेला, टर्न केलेला बार घ्या.

प्रत्येक खांद्याला रेडियस द्या. ड्रॉइंगवर नसेल तर विचारून द्या. ३५ च्या शाफ्टला दोन-अडीच मिलिमीटरचा रेडियस बसत असेल तर द्याच, आणि बेअरिंगची कड त्याच्याशी अडत नाही ना, तेवढं बघा. की-वेच्या तळाचे कोपरेही असेच. त्या बागायतदाराचा शाफ्ट मी ईएन २४ टी मध्ये केला, खांद्याला २ चा रेडियस दिला आणि टूलच्या खुणा पेपरने घासून काढल्या. खूण म्हणजे चिरेची सुरुवात.

## टप्पा ८: वेल्डिंग असेल तर

कार्बन इक्विव्हॅलंट (स्टील वेल्ड करायला किती अवघड ते सांगणारा आकडा) काढा: कार्बन + मँगनीज भागिले ६ + (क्रोमियम + मॉलिब्डेनम + व्हॅनेडियम) भागिले ५ + (निकेल + तांबं) भागिले १५. टीसीवरचे आकडे घाला. एमएसला उत्तर ०.३३ च्या आसपास येतं: बिनधास्त वेल्ड करा. ०.४५ च्या पुढे प्रीहीट (वेल्डिंगआधी तापवणं) हवा. ईएन ८ साधारण ०.५३, ईएन २४ थेट ०.९०.

ईएन ८ ला दीडशे-दोनशे अंश प्रीहीट, ईएन २४ ला २५० ते ३००, आणि वेल्डनंतर कोरड्या चुन्यात किंवा सिरॅमिक ब्लँकेटमध्ये सावकाश थंड. रॉड ७०१८, आणि तोही ३०० ते ३५० अंशांवर ओव्हनमध्ये भाजलेला. नाशिकच्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड हवेतली ओल पितो. त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डशेजारी शिरतो आणि पार्ट दुसऱ्या दिवशी, टेबलावर पडल्या पडल्या तडकतो. म्हणून अशा वेल्डची तपासणी ४८ तासांनी करा, लगेच नाही.

फिरणाऱ्या, भार घेणाऱ्या ईएन २४ च्या शाफ्टला वेल्ड मारून 'तात्पुरतं' चालवू नका.

स्टेनलेससाठी. ३०४ ला ३०८एल, ३१६ ला ३१६एल, आणि ३०४ ला एमएस जोडायचं असेल तर ३०९एल. एमएसवर वापरलेला वायर ब्रश किंवा चाक स्टेनलेसवर फिरवू नका. लोखंडाचे कण रुततात आणि आठवड्यात तपकिरी ठिपके दिसतात. साधं ३०४ ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात जास्त वेळ राहिलं की कार्बन क्रोमियमला कडेकडेने ओढून घेतो आणि वेल्डशेजारची रेघ गंजते. जाड पत्र्याला म्हणूनच 'एल' ग्रेड घ्यावा. वाइनच्या टाक्या बनवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. टाकीच्या वरच्या रिकाम्या भागात सल्फर डायऑक्साइड साठतो आणि तिथे ३०४ ला खड्डे पडू शकतात. वरची रिंग आणि झाकण ३१६ चं ठेवा. त्यातलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम तिथेच कामाला येतं.

## टप्पा ९: हार्डनिंग आणि टेम्परिंग

बाहेर पाठवत असाल तर चिठ्ठीवर ग्रेड, हीट नंबर, हवा असलेला कडकपणा (एक आकडा नव्हे, पल्ला: ५८ ते ६० असा) आणि कुठली जागा मऊ ठेवायची ते लिहा. 'हार्ड करणे' एवढीच चिठ्ठी पाठवली तर तक्रारीचा हक्क राहत नाही.

स्वतः करत असाल तर अंदाज असे. ईएन ८: ८३० ते ८६०, पाणी किंवा तेल. ईएन १९: ८४० ते ८७०, तेल. ईएन २४: ८२५ ते ८५०, तेल. ईएन ३१: ८०० ते ८४०, तेल. ओएचएनएस: ७९० ते ८२०, तेल. डी २ ला आधी ६५० ते ७५० वर थांबवून मग १००० ते १०४०, आणि थंड करणं हवेत. डी २ ओएचएनएसच्या तापमानाला टाकला तर कडक होत नाही, आणि ओएचएनएस डी २ च्या भट्टीत घातला तर दाणा मोठा होऊन काचेसारखा फुटतो. एकाच वेळी दोन ग्रेड एका भट्टीत ठेवू नका.

तेल ५० ते ६० अंशांवर असू द्या. डिसेंबर-जानेवारीत इथे सकाळी पारा एक आकडी होतो. रात्रभर गारठलेलं तेल घट्ट होतं आणि पहिल्या बॅचला ठिकठिकाणी मऊ ठिपके येतात. आधी तापवलेला एक रद्दी तुकडा बुडवून तेल कोमट करा.

सावधान: पावसाळ्यात शेडचा पत्रा गळत असेल तर तेलाच्या टाकीवर झाकण हवंच. तेलाखाली साचलेल्या पाण्यावर तापलेला पार्ट गेला की वाफ होऊन तेल उसळतं आणि पेट घेतं. टाकीखाली ड्रेन कॉक असेल तर रोज सकाळी पाणी निघतं का ते बघा.

तेलातून काढलेला पार्ट हाताला कोमट लागेपर्यंतच थांबा आणि लगेच टेम्परिंगला टाका. 'उद्या करू' म्हणून ठेवलेले ओएचएनएस आणि ईएन ३१ रात्रीत तडकतात. टेम्परिंग दर २५ मिलिमीटर जाडीला तास, कमीत कमी दोन तास. ओएचएनएस १८० ते २००, ईएन ३१ १५० ते २००. डी २ दोनदा टेम्पर करा, मधल्या वेळी पूर्ण थंड होऊ देऊन. ईएन २४ चं टेम्परिंग २५० ते ४०० अंशांच्या मध्ये कधीही करू नका. तिथे कडकपणा छान दिसतो, पण चिवटपणा पडलेला असतो, आणि रॉकवेलवर ते कळत नाही.

कार्ब्युरायझिंगच्या पार्टला आटे असतील तर त्यांवर कॉपर प्लेटिंग किंवा पेस्ट लावायला सांगा, नाहीतर पहिल्याच आवळण्यात आटा सुटतो. आणि ग्राइंडिंगमध्ये किती जाणार ते केस डेप्थमध्ये (कडक थराच्या जाडीत) आधीच धरा. ०.८ ची केस मागवून बाजूला ०.४ घासलं तर निम्मीच उरते.

## टप्पा १०: मोजणी, आणि उरलेला तुकडा

मोजायची जागा आधी थोडी घासून घ्या आणि निदान तीन ठिकाणी मोजा, ठसे एकमेकांच्या शेजारी नकोत. गोल, बारीक पिनेवर रीडिंग कमी येतं, त्याची दुरुस्ती धरा. २० एचआरसीच्या खालचा आकडा ग्राह्य नाही. तिथे ब्रिनेल वापरा. बुश मऊ लागला म्हणून परत भट्टीत टाकण्याआधी अर्धा मिलिमीटर घासून पुन्हा मोजा. बऱ्याचदा मऊ असतं ते फक्त जळालेलं कातडं.

काम संपल्यावर उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर ग्रेड आणि हीट नंबर पंच करा, त्याच दिवशी, मशीन पुसण्याआधी. आमच्या रॅकला चार खण आहेत: एमएस, ईएन ८, मिश्रधातू, टूल स्टील. पंच नसलेला तुकडा त्यांपैकी कुठेही जात नाही. तो सरळ भंगाराच्या पिंपात जातो, कितीही मोठा असला तरी.